परदेशी पुस्तकाला भारतात कॉपीराइट असतो का? खानापूरच्या एका बाईंना सविस्तर उत्तर

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा आहे. लंडनमध्ये छापलेलं मुलांचं एक जुनं, सचित्र इंग्रजी पुस्तक त्यांनी हौसेनं मराठीत आणलंय. मूळ पुस्तक भारतात कधी प्रकाशित झालेलं नाही. शहापुरातला एक छापखाना तीनशे प्रती काढून द्यायला तयार आहे आणि विक्रीतून फक्त कागद-छपाईचा खर्च भरून काढायचा आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं, "परदेशी पुस्तकाला इथला कायदा लागू नाही, बिनधास्त छापा." दुसऱ्यांनी सांगितलं, "परदेशी म्हटल्यावर हातच लावू नका." याच गोष्टीवरून मुलांचं नाटुकलं गावच्या यात्रेत करायचाही विचार आहे. शिवाय बेळगावच्या एका दिवाळी अंकात आलेली बाईंची स्वतःची कथा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एका इंग्रजी ई-बुकात त्यांना न विचारता घेतलेली आढळली. त्याचं काय करता येईल, हेही त्यांनी विचारलंय.

मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. प्रकाशक, अनुवादक आणि हौशी नाट्यमंडळं यांची कामं बरीच वर्षं माझ्याकडे येत आली आहेत.

बाई, तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. आपल्या सीमाभागात मराठी पुस्तक निघणं आधीच जिकिरीचं झालंय. पहिल्या सल्ल्यानं माणूस अडचणीत येतो, तर दुसऱ्यानं एक चांगलं पुस्तक जन्माला येण्याआधीच मरतं. मला दुसऱ्याचं दुःख जास्त होतं, कारण छापायला पूर्ण मोकळी असलेली पुस्तकंही लोक भीतीपोटी बाजूला ठेवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ प्रमाणे भारतात पहिल्यांदा प्रकाशित झालेल्या किंवा भारतीय नागरिकानं लिहिलेल्या पुस्तकाला संरक्षण आहे. एवढंच कलम वाचून थांबलं, तर तुमच्या पहिल्या गृहस्थांचं म्हणणं खरं वाटेल. पण पुढे कलम ४० आहे. त्यानुसार केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढून एखाद्या परदेशात पहिल्यांदा प्रकाशित झालेलं साहित्य जणू भारतातच पहिल्यांदा प्रकाशित झालं, असं धरून त्याला हा कायदा लागू करू शकतं. अप्रकाशित लिखाण असेल, तर त्या देशाचा नागरिक जणू भारताचाच नागरिक, असं धरलं जातं. सध्या लागू असलेला मुख्य आदेश म्हणजे इंटरनॅशनल कॉपीराइट ऑर्डर, १९९९. बर्न करार आणि युनिव्हर्सल कॉपीराइट कन्व्हेन्शन (एकमेकांच्या लेखकांचे हक्क जपण्याचे देशादेशांतले दोन करार) आणि जागतिक व्यापार संघटना यांच्या सदस्य देशांना या आदेशानं आपल्या कायद्याच्या छत्राखाली घेतलंय. जगातले जवळपास सगळे देश त्यात येतात. ब्रिटन तर येतोच.

सरकारनं करारावर सही केली की तो करार आपल्या कोर्टात आपोआप कायदा होत नाही. लंडनचा प्रकाशक उद्या बेळगावच्या जिल्हा न्यायालयात आला, तर त्याचा वकील बर्न कराराचं पुस्तक उघडणार नाही. तो कलम ४० आणि १९९९चा आदेश दाखवेल आणि तिथून पुढे सगळा वाद भारतीय कायद्यावर चालेल. म्हणजे त्या पुस्तकाला भारतीय पुस्तकाइतकं संरक्षण मिळतं. पण भारतीय पुस्तकावर ज्या मर्यादा आणि सवलती आहेत, त्यांतूनही त्याची सुटका होत नाही. लोक या व्यवस्थेचा पहिला अर्धा भाग ऐकून घाबरतात. तुमच्या उपयोगाचा भाग दुसरा आहे.

बर्न करार १८८६चा. भारत त्यात इंग्रजांच्या काळातच, १९२८ साली, स्वतंत्र सदस्य म्हणून आला. अमेरिका मात्र १९८९ मध्ये आली. १८९१ पर्यंत अमेरिकेचा कायदा परदेशी लेखकांना जवळजवळ कसलंच संरक्षण देत नव्हता. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये तिथं जाऊन याच तक्रारी करत होता, कारण त्याच्या कादंबऱ्या तिथं सर्रास छापल्या जात आणि त्याच्या हाती काही पडत नसे. आज जगाला कॉपीराइटचे धडे देणारा देश शंभर वर्षं असा वागला, हे मला महत्त्वाचं वाटतं. गरीब देशांनी १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत अनुवादासाठी आणि शिक्षणासाठी सवलती मागितल्या, तेव्हा भारत त्यात पुढे होता. ती मागणी अवाजवी नव्हती. १९७१ मध्ये पॅरिसला त्यावर तडजोड झाली आणि तिचं फळ आपल्या कायद्यात १९८३च्या दुरुस्तीनं आलं. ते तुमच्या कामाचं आहे, पुढे सांगतो.

मधेच एक शंका मिटवतो, कारण ती आपल्याकडे हमखास विचारली जाते. पुस्तक बेळगावात छापलं काय किंवा कोल्हापुरात नेऊन छापलं काय, कॉपीराइटमध्ये काडीचाही फरक पडत नाही. हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्राच्या यादीत आहे. निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच कायदा चालतो. कन्नडमधून मराठीत आणायचं असेल, तर परदेशी करारांचा संबंधच नाही. तिथं सरळ भारतीय लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागते. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती. ते १९८१ मध्ये गेले. त्यांच्या कवितेचे हक्क २०४१ अखेरपर्यंत वारसांकडे राहतील, आणि शेजारच्या धारवाडचे म्हणून त्यात सूट मिळत नाही.

भाषेवरून पुस्तक परदेशी ठरत नाही. मॉरिशसच्या नागरिकानं लिहिलेलं आणि तिथंच पहिल्यांदा छापलेलं मराठी पुस्तक कायद्याच्या दृष्टीनं परदेशी आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची पुण्यात पहिल्यांदा निघालेली कादंबरी भारतीय आहे. दोन देशांत तीस दिवसांच्या आत पुस्तक निघालं, तर ते दोन्हीकडे एकाच वेळी प्रकाशित झालं असं धरतात. म्हणूनच लंडनचा मोठा प्रकाशक दिल्लीतही त्याच आठवड्यात प्रती काढतो, तेव्हा ते पुस्तक कलम ४० पर्यंत न जाता थेट कलम १३ मध्येच बसतं. आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. डिसेंबर १९६१ पूर्वी म्हापशाला किंवा पणजीला छापलेलं मराठी पुस्तक तेव्हा पोर्तुगीज हद्दीत छापलेलं होतं. पण पोर्तुगाल १९११ पासून बर्न करारात आहे. त्यामुळे जुनं गोमंतकीय पुस्तक हाती लागलं म्हणून ते बेवारस समजू नका.

आता मुदत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रश्नांचा निकाल इथंच लागतो.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. साठ वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणून त्यांचे हक्क १९९१ अखेर संपत होते. त्या सुमारास कायदा बदलून साठ वर्षं केली गेली. ती दहा जादा वर्षं परदेशी लेखकांनाही मिळाली, कारण कलम ४० त्यांना भारतीयांच्याच पंगतीला बसवतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपात मात्र ही मुदत सत्तर वर्षं आहे. लंडनचा लेखक भारतात सत्तर वर्षं मागू शकत नाही. त्याला इथली साठच मिळतात.

जॉर्ज ऑरवेल जानेवारी १९५० मध्ये वारले. ब्रिटनमध्ये त्यांची पुस्तकं २०२१ मध्ये मोकळी झाली, पण भारतात ती १ जानेवारी २०११ पासूनच मोकळी आहेत. आल्बेर कामू १९६० मध्ये अपघातात गेले. फ्रान्समध्ये हक्क २०३० अखेरपर्यंत, तर भारतात २०२० अखेर संपले. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेले, म्हणून त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं इथं २०२२ पासून मोकळी आहेत. 'हयातीत छापलेली' हे मी मुद्दाम लिहिलं, कारण मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लिखाणाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यांची १९८६ मध्ये निघालेली कादंबरी भारतात २०४६ अखेरपर्यंत बंद आहे. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांचं उत्तर असं वेगळं येऊ शकतं.

उलटंही घडतं. इंटरनेटवर अमेरिकी संस्थांनी फुकट ठेवलेली जुनी पुस्तकं अमेरिकेच्या हिशेबानं मोकळी असतात. तिथं जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षं मोजतात. बर्ट्रांड रसेल यांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली पुस्तकं तिथं केव्हाच मोकळी झाली. पण रसेल फेब्रुवारी १९७० मध्ये गेले. त्यांची ब्रिटनमध्ये पहिल्यांदा निघालेली पुस्तकं भारतात २०३० अखेरपर्यंत संरक्षित आहेत. तेव्हा 'नेटवर फुकट मिळतं' हे छापखान्याला दाखवायचं कारण होऊ शकत नाही.

आणखी एक बारकावा. कलम ४० च्याच परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, लिहिलंय की परदेशी पुस्तकाला भारतात त्याच्या मायदेशापेक्षा जास्त मुदत मिळणार नाही. कॅनडामध्ये २०२२ अखेरपर्यंत मृत्यूनंतर पन्नासच वर्षं होती. नंतर ती सत्तर झाली, पण संपलेले हक्क पुन्हा जिवंत केले नाहीत. त्यामुळे १९७० मध्ये वारलेल्या आणि कॅनडातच प्रथम छापलेल्या लेखकाचं पुस्तक तिथं २०२० अखेर मोकळं झालं. मग इथंही ते मोकळं, २०३० ची वाट पाहावी लागत नाही.

तुमचं पुस्तक मुलांचं आणि सचित्र आहे. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. चित्रांचा हक्क चित्रकाराचा असतो आणि त्याची साठ वर्षं चित्रकाराच्या मृत्यूपासून वेगळी मोजतात. ए. ए. मिल्न १९५६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या 'विनी-द-पू' या अस्वलाच्या गोष्टींचा मजकूर भारतात २०१७ पासून मोकळा आहे. पण त्या गोष्टींना चित्रं काढणारे ई. एच. शेपर्ड १९७६ मध्ये गेले. ती चित्रं २०३६ अखेरपर्यंत कुणी परवानगीविना छापू शकत नाही. तुमच्या पुस्तकाचा लेखक मोकळा निघाला आणि चित्रकार नाही निघाला, तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या भागात चित्रकलेची चांगली जाण असलेली पोरं आहेत, त्यांच्याकडून नवी चित्रं काढून घ्या. फक्त ती मूळ चित्रांवर ट्रेसिंग पेपर ठेवून काढलेली नसावीत.

मूळ भाषा इंग्रजी नसेल, तर अजून एक नाव तपासावं लागतं. टॉलस्टॉय किंवा चेखॉव्ह मराठीत आणणारा बहुतेक वेळा इंग्रजीवरून आणतो. मूळ रशियन लेखकांचा प्रश्न उरलेला नाही, पण इंग्रजी अनुवाद ही स्वतंत्र कृती आहे आणि तिला स्वतःचा हक्क आहे. कॉन्स्टन्स गार्नेट १९४६ मध्ये वारल्या, त्यांच्या इंग्रजीवरून खुशाल करा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत निघालेल्या नव्या इंग्रजी अनुवादांवरून करायचं असेल, तर त्या अनुवादकाची परवानगी लागेल. कामूचं फ्रेंच मोकळं झालं म्हणून त्याचा नवा इंग्रजी अनुवाद मोकळा होत नाही.

हेच तुमच्या बाजूनंही लागू आहे. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या कथेचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला मराठी अनुवाद सगळ्यांना ठाऊक आहे. पुलं काही काळ आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायलाही होते. मूळ कथा इथं मोकळी झाली, पण पुलंचं मराठी २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. कुणीही त्या कथेचा नवा मराठी अनुवाद करू शकतो, पुलंची वाक्यं मात्र घेऊ शकत नाही. तुम्ही मोकळ्या पुस्तकाचा अनुवाद केलात, तर तुमच्या मराठीवर तुमचा आणि नंतर तुमच्या मुलाबाळांचा असाच हक्क राहील.

समजा, लेखकाला जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत. मग परवानगीशिवाय छापता येणार नाही. नफा घेत नाही, प्रती तीनशेच आहेत, मुलांसाठी आहे, ही कारणं कोर्टात हेतू चांगला होता हे दाखवायला उपयोगी पडतील, पण उल्लंघन त्यांनी पुसलं जात नाही. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंदा म्हणून केलेलं नसेल, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. मदत करणाराही त्यात येतो. तुमच्यासाठी आपुलकीनं स्वस्तात छापून देणाऱ्या छापखानेवाल्या काकांना यात ओढू नका, त्यांना आधी कागद दाखवा.

वर्गातल्या वापराची गोष्ट निराळी. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतींना आपल्या कायद्यात सवलत आहे आणि ती परदेशी पुस्तकांनाही लागू पडते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली पानं एकत्र बांधून मुलांना दिली जात होती. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये, आधी एकल पीठानं आणि मग खंडपीठानं, शिक्षणाची सवलत मान्य केली. आंतरराष्ट्रीय करारांनी अशा सवलती ठरवायची मोकळीक देशांना दिली आहे, हा विचारही त्यात आला. बलाढ्य परदेशी प्रकाशक इथं आले, त्यांचा हक्क इथल्या कायद्यानं मानला आणि इथल्याच कायद्यानं त्याला मर्यादाही घातली. कलम ४० चं काम कसं चालतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. पण मुलांना वर्गात देण्यासाठी काढलेल्या प्रती वेगळ्या आणि शाळेबाहेर विकायचं पुस्तक वेगळं.

यात्रेतल्या नाटुकल्याबद्दल बातमी चांगली आहे. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेला प्रयोग किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग उल्लंघन ठरत नाही. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी पालकांसमोर केलेला प्रयोगही चालतो. ही सवलत अनुवादित संहितेच्या प्रयोगालाही आहे. गावच्या देवळासमोर, बिनतिकीट, मुलांनी करायचं असेल, तर करा. त्याचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलं किंवा स्पर्धेत तिकीट लावून केलं, की सवलत संपते. आपल्याकडच्या एकांकिका करणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो. सॅम्युएल बेकेट डिसेंबर १९८९ मध्ये गेले, त्यांची नाटकं भारतात २०४९ अखेरपर्यंत परवानगीनंच करायची आहेत. ब्रेश्ट १९५६ मध्ये गेले, ते एकट्यानं लिहिलेल्या नाटकांपुरते २०१७ पासून इथं मोकळे झाले. जर्मनीत ते २०२६ अखेरपर्यंत बंद आहेत. पण ब्रेश्टच्या काही नाटकांत दुसऱ्यांचा हात होता आणि संयुक्त लेखन असेल, तर शेवटच्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजावं लागतं. गाण्यांच्या चाली तर वेगळ्याच माणसाच्या.

परवानगी मागायला लोक का बिचकतात, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशकाचं नाव असतं. त्याच्या राइट्स विभागाला साधं ई-पत्र लिहायचं. कुठलं पुस्तक, मराठी भाषेतले छापील अनुवादाचे हक्क हवेत, प्रती किती, किंमत किती, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशात विकणार. कर्नाटकाच्या सीमेवरच्या मराठी शाळांसाठी हे करतोय, हेही लिहा. खरं आहे ते लिहायला संकोच कसला? तीनशे प्रतींसाठी मागितली जाणारी रक्कम बऱ्याचदा झेपण्यासारखी असते आणि कधी कधी माफही होते. नॉर्वेची साहित्य-प्रसार संस्था नोर्ला, जर्मनीचं ग्योटे इन्स्टिट्यूट, भारतातला फ्रेंच दूतावास यांच्या अनुवादासाठी मदतीच्या योजना आहेत. ती मदत सहसा प्रकाशकामार्फत मिळते, म्हणून छापखान्याऐवजी एखादा छोटा प्रकाशक सोबत घ्या. परवानगी लेखी आणि सहीची हवी. आपल्या कायद्यात हक्कांचं हस्तांतर तोंडी होत नाही. करारात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. म्हणजे लिहायला विसरलात, तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना पुस्तक विकता येणार नाही. परदेशात रॉयल्टी पाठवताना कर कापून भरावा लागतो आणि बँक त्याचे फॉर्म मागते. ते तुमच्या सीएकडून करून घ्या.

उत्तरच आलं नाही तर? १९८३ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ३२ मध्ये याची वाट आहे. कुठल्याही पुस्तकाचा हव्या त्या भाषेत अनुवाद झाला नसेल, तर प्रकाशनानंतर सात वर्षांनी अनुवादाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. परदेशी पुस्तक शिक्षण, अध्ययन किंवा संशोधनासाठी हवं असेल, तर तीनच वर्षं. आणि विकसित देशांत सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेसाठी, म्हणजे मराठीसारख्या भाषेसाठी, एकच वर्ष. पूर्वी हा अर्ज कॉपीराइट बोर्डाकडे जायचा, आता ते अधिकार न्यायालयाकडे गेले आहेत. मालकाला विनंती केली होती, तो सापडला नाही तर प्रकाशकाला नोंदणीकृत हवाई टपालानं पत्र पाठवलं होतं, नऊ महिने थांबलो, असं सगळं दाखवावं लागतं. रॉयल्टी ठरवून द्यावी लागते. मालकानं स्वतःच वाजवी किमतीत मराठी अनुवाद काढला, तर परवाना संपतो. ही तरतूद आपल्यासारख्या भाषांसाठी झगडून मिळवलेली आहे आणि ती वापराविना पडून आहे, याची मला खंत वाटते. माझ्याकडे आलेलं एकही प्रकरण या वाटेनं शेवटपर्यंत गेलेलं नाही. वर्गणीतून पुस्तक काढणाऱ्या माणसाला कोर्टाची पायरी परवडत नाही. तरी विनंतीची पत्रं आणि पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. कलम ३२ माहीत असलेल्या माणसाच्या दुसऱ्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या कथेचं. ज्या व्यवस्थेनं लंडनचं पुस्तक इथं भारतीय मानलं, तीच तुमची कथा अमेरिकेत अमेरिकी लेखकाइतकी संरक्षित मानते. बर्न करारात आज १८० हून अधिक देश आहेत आणि त्यात नोंदणीची अट नाही. दिल्लीत कॉपीराइट रजिस्टर केला नव्हता म्हणून तुमचा हक्क गेला, असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. दिवाळी अंकानं मानधन दिलं म्हणूनही हक्क त्यांच्याकडे गेला नाही. तुम्ही त्यांच्या नोकरीत नव्हता आणि हक्क देणारा कागद सही केला नव्हता, तर कथा तुमचीच. अनुवादाचा हक्कही तुमचाच.

परदेशातली मुदत कधी आपल्यापेक्षा लांबही असते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, भारतात त्यांचं साहित्य २०११ पासून मोकळं आहे. पण अमेरिकेनं १९९६ मध्ये परदेशी पुस्तकांचे हक्क पुन्हा जिवंत केले, तेव्हा गुरुजींचे हक्क भारतात चालू होते. त्यामुळे त्यांनी १९३० च्या दशकात छापलेलं पुस्तक तिथं प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षं संरक्षित आहे. इथं मोकळं म्हणून अमेरिकेत ई-बुक विकायला काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तुमच्यासाठी पहिला उपाय खर्चाचा नाही. ई-बुक विकणाऱ्या कंपनीकडे कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो. अमेरिकी कायद्यानुसार अशी तक्रार आल्यावर पुस्तक तातडीनं काढलं नाही, तर कंपनीवर जबाबदारी येऊ शकते, म्हणून त्या सहसा लवकर हलतात. त्यात कथेचं नाव, दिवाळी अंकाचं नाव आणि वर्ष, त्या पानांचे फोटो आणि इंग्रजी मजकुरातले जुळणारे उतारे द्या. खोटं विधान केल्यास जबाबदारी येते, म्हणून पात्रांची नावं आणि प्रसंग नीट ताडून पाहा. नुसती कल्पना सारखी असेल, तर तक्रार टिकणार नाही, कारण कल्पनेला कॉपीराइट नसतो. तिथं दावा लावायचाच झाला, तर परदेशी कृतीला आधी नोंदणी लागत नाही. पण कायद्यानं ठरवलेली मोठी भरपाई आणि वकिलाची फी उल्लंघनाआधी नोंदणी असल्याशिवाय मिळत नाही, आणि सिद्ध करता येईल तेवढ्याच नुकसानीसाठी तिकडचा वकील परवडणार नाही. ई-बुकात कथा ठेवायला तुमची हरकत नसेल, तर नाव आणि मोबदला मागून तडजोड करा. तोही पूर्ण मानाचा मार्ग आहे.

छापखान्यात हस्तलिखित देण्याआधी इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठाची आणि आतल्या हक्कांच्या पानाची झेरॉक्स पाठवा. लेखक आणि चित्रकार दोघांच्या मृत्यूची वर्षं मिळाली, तर तीही लिहा. ती कळली की तुम्हाला परवानगी लागते की नाही, ते मी सांगू शकेन. आणि दिवाळी अंकाची मूळ प्रत कुणालाही उसनी देऊ नका.